पायातून चप्पल निसटते आणि कळतच नाही: बाबा, मधुमेह आणि ब्रह्मगिरीची फेरी

पंचवटीची_पोर (सोमवार, सकाळी ९:१२)

परवा बाबा कृषीनगरच्या ट्रॅकवर फिरून घरी आले, ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरी कुठाय विचारलं तर खाली बघितलं आणि म्हणाले, "अरेच्चा, आत्ता तर होती." मी परत जाऊन शोधली. गेटपासून चांगली दोनेकशे पावलं आत पडली होती. म्हणजे एवढं अंतर आणि वर घरापर्यंतचा डांबरी रस्ता माणूस एक पाय अनवाणी टाकत आला आणि त्याला पत्ता नाही.

वय ६७, ओझरला एचएएलमधून निवृत्त. साखर सोळा वर्षांपासून. साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) मागच्या वेळी ८.४ आली होती. पाय दुखतात का विचारलं की "छे, अगदी ठणठणीत" हे ठरलेलं उत्तर.

खरा प्रश्न पुढे आहे. तिसऱ्या श्रावणी सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी, म्हणजे त्र्यंबकेश्वरच्या डोंगराची पायी प्रदक्षिणा, ते एकतीस वर्षं करतायत, अनवाणी. यंदाही जाणार म्हणतायत. आई घाबरली आहे, पण देवाच्या कामात आडवं कसं यायचं म्हणून गप्प आहे. मी अडवू का? आणि अडवायचं तर कशाच्या जोरावर? त्यांना कारण पटल्याशिवाय ते हलत नाहीत.

मिसळ_बिनतर्री (सोमवार, सकाळी ९:३१)

पहिला! ट्रॅकवर चप्पल जागेवर सापडली, हे नाशकातलं आठवं आश्चर्य. देवळाबाहेर असती तर जोडीच गेली असती.

असो, गंभीर विषय आहे. वाचतोय.

चांदोरीकर (सोमवार, सकाळी १०:०५)

ताई, अडवा. माझं ऐका.

आमची द्राक्षबाग आहे. वडलांना साखर, आणि बागेत अनवाणी फिरायची सवय जन्माची. म्हणायचे, मातीला पाय लागला की बरं वाटतं. दोन वर्षांमागं पाणी भरताना बाभळीचा काटा टाचेत मोडला. त्यांना कळलंच नाही. चार दिवसांनी आईला चादरीवर पिवळा डाग दिसला, तेव्हा पाय उचलून बघितला तर टाच फुगलेली आणि वास मारतेली. काटा चांगला बोटाच्या पेराएवढा निघाला. बावीस दिवस दवाखाना, ऐन छाटणीत. पाय वाचला.

आता गमबूट घालतात. पण घालायच्या आधी उलटा करून झटकायचा आणि आत हात फिरवायचा, हे मी स्वतः बघतो. एकदा आत बांधणीच्या तारेचा तुकडा निघाला होता.

अजून एक. निफाडची थंडी तुम्हाला ठाऊक आहेच. शेकोटीला पाय लावून बसायचं आमच्या घरात आता बंद आहे. गरम लागतंय हे कळायला हवं ना!

निवृत्त_सिस्टर (सोमवार, दुपारी १:४८)

चौतीस वर्षं सर्जिकल वॉर्डात काढली, त्यातली बरीचशी पायांच्या ड्रेसिंगमध्ये. म्हणून जरा लांब लिहिते.

पंचवटीची पोर, तुझ्या बाबांची चप्पल निसटली, ही किरकोळ गोष्ट नाही. पायातून चप्पल गेल्याचं न कळणं म्हणजे तळव्याची जाणीव कमी झाल्याची खूण. आम्ही पेशंटला हाच प्रश्न मुद्दाम विचारायचो. "बधीर वाटतं का?" विचारलं तर लोक नाही म्हणतात. जे जाणवतच नाही ते जाणवत नाही, हे माणसाला कसं कळणार?

साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की तीन तऱ्हेच्या नसा बिघडतात. जाणिवेच्या नसा गेल्या की काटा, चटका, चावा काही कळत नाही. पायातल्या बारीक स्नायूंना हलवणाऱ्या नसा गेल्या की बोटं नख्यांसारखी आत वळतात आणि सगळा भार चवड्यावरच्या एकदोन ठिकाणी येतो, तिथे घट्टा धरतो. आणि घामाच्या नसा गेल्या की कातडी कोरडी पडून टाचेला भेगा जातात. घट्ट्याखाली रक्त साकळतं, आतल्या आत जखम होते. वरून बघणाऱ्याला नुसता घट्टा दिसतो. जोडीला रक्तपुरवठा कमी असेल तर ती जखम भरत नाही. मधुमेह्यांचे जे पाय कापावे लागतात, त्यांतल्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांची सुरुवात अशा साध्या जखमेतूनच झालेली असते.

घरी आजच करता येईल अशी एक चाचणी सांगते. बाबांना झोपव, डोळे मिटायला सांग. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशी सहा बोटं. तुझ्या बोटाच्या टोकाने एकेका बोटाला हलकेच, एकदोन सेकंद नुसता स्पर्श करायचा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या नाहीत. उजवं की डावं, ते त्यांनी सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पाय धोक्यात आहे असं समजून डॉक्टरांकडे जायचं.

तिथे ते नायलॉनच्या धाग्याने तपासतील. टेकवला की दहा ग्रॅमच्या दाबाला वाकतो असा धागा असतो. कंप पावणारा चिमटाही लावतात, पायाच्या नाड्या बघतात. यातलं काहीच दुखत नाही.

खडूस_आजोबा (सोमवार, दुपारी ३:२०)

आमच्या पिढीने शाळेपर्यंत चप्पल पाहिली नाही. मी ७४ वर्षांचा आहे, साखर आहे, रोज सकाळी गवतावर अनवाणी चालतो. काही झालेलं नाही. आता देवाच्या वाटेवरही बूट घालायचे? एकतीस वर्षं ज्याने सांभाळलं तो बत्तिसाव्या वर्षी काटा टोचवणार आहे का? घाबरवण्याचा धंदा झाला आहे सगळा.

निवृत्त_सिस्टर (सोमवार, दुपारी ३:४१)

आजोबा, तुमच्या पायाला काटा कळतो का? कळत असेल तर तुमचं आणि त्यांचं गणित वेगळं आहे. एवढंच.

मिसळ_बिनतर्री (सोमवार, दुपारी ३:४४)

आजोबा, गवतावर चालण्याआधी गवतावर कोण चालून गेलंय तेही बघत जा. आमच्या कॉलनीत कुत्री आहेत.

पंचवटीची_पोर (सोमवार, रात्री ९:५५)

केली चाचणी. बाबा पहिल्यांदा मी हात लावायच्या आधीच "उजवा!" म्हणाले. मग आईने त्यांच्या डोळ्यांवर टॉवेल टाकला. उजवा अंगठा कळला, डावं मधलं बोट कळलं, बाकी चार ठिकाणी आम्ही वाट बघतोय आणि ते म्हणतायत, "करा की सुरू."

आई उठून स्वयंपाकघरात गेली. बाबा टॉवेल काढून बराच वेळ स्वतःच्या पायांकडे बघत बसले. मग म्हणाले, "तुझा हात हलका आहे."

उद्या अपॉइंटमेंट घेतेय.

आजीचा_बटवा (मंगळवार, सकाळी ७:३०)

तळपायाची आग, मुंग्या यासाठी काशाची वाटी कोणी सांगितली नाही? आमच्याकडे सासूबाईंपासून चालू आहे. तळव्याला साजूक तूप लावायचं आणि काशाच्या वाटीने घासायचं. वाटी काळी होते, म्हणजे अंगातली उष्णता बाहेर पडते. हल्ली तर यंत्रंही निघाली आहेत, थाळीवर पाय ठेवून बसायचं. मी प्रदर्शनात करून आले, झोप फार छान लागली.

तळटीप (मंगळवार, सकाळी ८:०२)

झोप लागली हे मान्य. पण काळं होतं ते अंगातल्या उष्णतेमुळे नाही. काशात तांबं असतं. तूप, घाम आणि घासणं यांनी धातूचा अंश सुटून तूप काळं पडतं. वाटी तुमच्या पायाऐवजी सागरगोट्यावर घासली तरी काळीच होईल.

आजीचा_बटवा (मंगळवार, सकाळी ८:१५)

सागरगोट्याला झोप लागेल का?

निवृत्त_सिस्टर (मंगळवार, सकाळी ११:१०)

बटवाताई, हलक्या हाताने, घरच्या माणसाने, पायाला कुठेही जखम वा भेग नसताना वाटी फिरवली तर माझी हरकत नाही. निदान त्या निमित्ताने कोणीतरी रोज तळवा बघतं. पण ज्याला जाणीव नाही त्याने यंत्रावर पाय ठेवू नये. कातडी सोलली तरी कळत नाही. तेच गरम पाण्याच्या पिशवीचं, मीठ टाकलेल्या गरम पाण्याच्या बादलीचं आणि मॉलमध्ये माशांकडून पाय कुरतडून घेण्याचं. अंघोळीचं पाणीसुद्धा पायाने नाही, कोपराने बघायचं.

आणि पाय फार वेळ भिजत ठेवायचे नाहीत. धुवायचे, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या, मग तेल किंवा क्रीम तळव्याला आणि टाचेला लावायचं. बेचक्यांत नाही. तिथे ओल राहिली की पावसाळ्यात चिखल्या होतात, कातडी फाटते आणि जंतूंना दार उघडं मिळतं. तुझ्या बाबांच्या फेरीत मला काट्याइतकीच भीती याची वाटते. भर श्रावणात ओल्या दगडांतून, चिखलातून रात्रभर चालायचं म्हणजे पाय तासन्‌तास ओला.

लालडब्बा (मंगळवार, दुपारी १२:२६)

माझे वडील एसटीत चालक होते. जुन्या गाड्यांना इंजिन शेजारीच. कसारा घाट चढताना पायाखालचा पत्रा असा तापायचा की मी लहानपणी तिथे पाय ठेवू शकत नसे. निवृत्तीला तीन वर्षं राहिली असताना एकदा नाशिक–मुंबई करून आले आणि मोजा काढला तर टाचेची कातडी मोज्याबरोबर आली. फोड आला, फुटला, गाडी चालूच. साखर आहे हे त्या फोडामुळे कळलं.

लासलगावकर (मंगळवार, दुपारी २:३७)

मी सांगतो त्यावर हसू नका. आमचे चुलते कांद्याच्या चाळीत राखणीला झोपायचे. एक दिवस सकाळी अंगठ्याचं टोक रक्ताळलेलं. रात्री उंदराने कुरतडलं होतं. झोपमोडसुद्धा झाली नाही माणसाची. डॉक्टर म्हणाले, असे पेशंट येतात अधूनमधून. आता झोपताना मोजे घालतात, मच्छरदाणी खोचतात आणि झोपायच्या आधी पाय साबणाने धुतात, खाण्याचा वास राहू नये म्हणून.

मिसळ_बिनतर्री (मंगळवार, दुपारी २:४०)

हसलो नाही. जेवत होतो, थांबलो.

साडेसाती (मंगळवार, रात्री १०:१८)

इतके दिवस कुठे लिहिलं नव्हतं.

माझ्या मेव्हण्याला, वय ५२, उजव्या पायाच्या करंगळीखाली कुरूप होतं. अंबडला कंपनीत सेफ्टी शूज घालून आठ तास उभं राहायचं काम. मेडिकलमधून कुरुपाची पट्टी आणून लावली. त्या पट्टीत कातडी जाळणारं आम्ल असतं हे आम्हाला कुठे माहीत? कुरुपाबरोबर खालची चांगली कातडीही गेली. खड्डा पडला. दुखत नव्हता म्हणून तो कामाला जात राहिला.

मग एका दवाखान्यात ड्रेसिंग सुरू झालं. नाव घेत नाही. दीड महिना रोज पट्टी बदलली, अँटिबायोटिक बदलली, बिलं झाली. पण तुम्ही या पायावर चालू नका, हे एकदाही कोणी सांगितलं नाही. तो रोज ड्रेसिंगला बाइकवरून जायचा आणि दोन जिने चढायचा! नंतर दुसऱ्या सर्जननी पहिलं वाक्य हेच बोललं, की औषध जखमेवर लावताय आणि वजनही जखमेवरच टाकताय. तोवर हाडात गेलं होतं. दोन बोटं काढली.

आज चालतो, कामावर आहे. पण त्या पट्टीची किंमत चाळीस-पन्नास रुपये असेल, हे डोक्यातून जात नाही.

निवृत्त_सिस्टर (मंगळवार, रात्री १०:५०)

साडेसाती, लिहिलंत ते बरं केलंत. कुरुपाची पट्टी नको, घरी ब्लेडने कापणं तर त्याहून नको. घट्टे काढून घ्यायचे ते जाणत्या माणसाकडून. नखं सरळ कापायची, कोपऱ्यात खोल जायचं नाही, नखुरडं होतं.

एक राहिलं होतं. पाय लाल, सुजलेला, दुसऱ्यापेक्षा हाताला गरम लागतोय, आणि जखम नाही, दुखतही फारसं नाही, असं दिसलं तर मुरगळला असेल म्हणून मालिश करत बसू नका. आतली हाडं ठिसूळ होऊन मोडत असतात. अशा पायावर चालत राहिलं तर तळव्याची कमान बसते आणि पाय होडीच्या तळासारखा होतो. त्याच दिवशी पाय टेकवणं बंद आणि डॉक्टर.

वहाणवाला (बुधवार, सकाळी ९:०७)

मी अपंगांसाठी साधनं बनवण्याच्या कामात होतो. चपलेबद्दल मी बोलतो.

मधुमेह्यांना जी एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल सांगतात तिचं मूळ कुष्ठरोगाच्या कामात आहे. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले. कुष्ठरोग्यांची बोटं रोगाने झडत नाहीत, वेदना नसल्यामुळे होणाऱ्या इजांनी झिजतात, हे त्यांनी दाखवून दिलं. तळव्यावरचा दाब पसरवणारी मऊ रबरी वहाण तिथल्या कामातून पुढे आली. मधुमेहाच्या बधिर पायालाही तोच न्याय.

पण ती निळी-काळी चप्पल पुढे केली की जुनी माणसं दचकतात. एक आजी मला म्हणाल्या होत्या, "मला काय तो रोग झालाय का?" त्यामुळे आम्ही वरचा पट्टा बदलून द्यायला लागलो, रंग बदलले. आतलं रबर तेच.

बघायचं काय? मागे पट्टा हवा, म्हणजे निसटत नाही. अंगठ्यात अडकवायची नको. कोल्हापुरी मलाही प्रिय आहे, पण बधिर पायाला तिचा अंगठा घासतो. वेल्क्रो असावं, पुढे बोटांना जागा असावी, आत खिळा वा जाड शिवण नसावी. संध्याकाळी विकत घ्या, दिवसभरात पाय थोडे फुगतात. पहिल्या दिवशी तास-दोन तास घालून काढायची आणि पाय बघायचा. लाल डाग राहिला तर चप्पल बदलायची. "पाय सवय करून घेईल" असं म्हणायचं नाही. मोजे पांढरे किंवा फिके घ्या, रक्त-पाणी लगेच दिसतं.

मिसळ_बिनतर्री (बुधवार, सकाळी ९:२२)

थोडक्यात, पायातली वहाण पायातच बरी.

सिडकोकर (बुधवार, सकाळी १०:३५)

घरात काय करता? डॉक्टरांनी आईला घरातही चप्पल घालायला सांगितली आहे. आई म्हणते, स्वयंपाकघरात आणि देवापुढे चप्पल माझ्याच्याने घातली जायची नाही, एक वेळ पाय गेला तरी चालेल. रोजचं भांडण.

चष्मिष्ट (बुधवार, सकाळी १०:५८)

आमच्याकडे तोडगा निघाला. घरातली जोडी वेगळी, कापडी पट्ट्याची, कधीच बाहेर न गेलेली. आणल्यावर आईने ती स्वतः धुतली, हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि मग पायात घातली. देवापुढे ती पाटावर बसते तेवढ्यापुरती काढते. चातुर्मासाचे नियम पाळणाऱ्या बाईला मऊ तळव्याचा नियम जड नाही, फक्त तो तिचा तिने केला पाहिजे.

सिडकोकर (बुधवार, सकाळी ११:०४)

हळदीकुंकवाची आयडिया लई भारी. आज संध्याकाळीच.

तळटीप (बुधवार, दुपारी १२:१५)

प्रभाते करदर्शनम्, रात्रौ पाददर्शनम्. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवायचा. नजर अधू असेल तर घरच्यांनी बघायचं.

खडूस_आजोबा (बुधवार, सायंकाळी ६:३०)

सगळं वाचलं. मी माझं गवत सोडणार नाही, हे आधी सांगतो. सिस्टरबाईंची चाचणी नातवाकडून करून घेतली, सहाच्या सहा बरोबर. त्यामुळे माझं तोंड बंद करायची सोय नाही.

पण त्या मुलीच्या मूळ प्रश्नाला कोणी उत्तर दिलेलं दिसत नाही. सगळे चपलेत अडकलेत. फेरीचं काय?

आमच्या वडिलांची फेरी गुडघ्यांमुळे थांबली. तेव्हा त्यांनी कुशावर्तावर माझ्या हातात पाणी दिलं आणि "आता तू चाल" म्हणाले. मी १९ वर्षांचा होतो. ते त्र्यंबकला ओळखीच्यांच्या ओसरीवर बसून राहिले आणि मी परत आल्यावर माझ्या पायांना त्यांनी हात लावला. नेम मोडला नाही, पुढे गेला. बाबांना "जाऊ नका" म्हणू नकोस पोरी. "मला द्या" म्हण.

पंचवटीची_पोर (रविवार, रात्री ८:४०)

उशिरा लिहितेय, सॉरी. चार दिवस धावपळ होती.

तपासणी झाली. धागा दहा ठिकाणी टेकवला, तीन ठिकाणी कळला. नाड्या चांगल्या लागतायत, म्हणजे रक्तपुरवठा ठीक आहे. डाव्या चवड्यावर घट्टा होता, तो तिथेच तासून काढला, खाली जखम नव्हती. दर तीनचार महिन्यांनी पाय दाखवायला बोलावलंय. बी-१२ पण तपासायला दिलं. बाबा इतकी वर्षं मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घेतायत, त्याने बी-१२ कमी होऊ शकतं आणि त्यानेही नसा बिघडतात म्हणे. कमी निघालं. मागे पट्ट्याची चप्पल आली, बाबांना रंग आवडला नाही, घालतायत.

फेरीबद्दल डॉक्टरांनी स्पष्ट "नाही" सांगितलं. बाबा गाडीत एक शब्द बोलले नाहीत. रात्री मी खडूस आजोबांचं लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं, नाव वगळून. ऐकून घेतलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, "तू बूट घालून जाशील." मी हो म्हटलं. "मग मी पाणी देईन, पण ओसरीवर बसणार नाही. पेगलवाडीच्या पुढे चहावाला आहे, तिथपर्यंत गाडीने येईन आणि बघीन तू खरंच चालतेस का." म्हणजे यंदा फेरी माझी. आजोबा, तुमचे आभार कसे मानू?

आता नवीनच प्रकरण. बाबांचे पाय रोज रात्री आई बघते, आरसा वगैरे घेऊन. काल बाबा म्हणाले, आता तुझे दाखव. आईलाही चार वर्षांपासून साखरेची गोळी आहे, आणि आमच्यापैकी एकालाही तिचे पाय बघायचं सुचलं नव्हतं. जोडव्यांचं बोट सुजलंय, जोडवं रुतलंय, खाली कातडी पांढरी पडून ओली झाली आहे. तिला अजिबात दुखत नाहीये. साबण लावून बघितलं, निघत नाही.

निवृत्त_सिस्टर (रविवार, रात्री ८:५२)

ओढू नका, साबणही नको. बोट कोरडं करा, पाय उंच ठेवून झोपू दे. सकाळी पहिल्यांदा दवाखान्यात जा, त्यांच्याकडे अंगठी कापायची कातर असते. मग ती बोटांची चाचणी तिचीही करा. बोट काळंनिळं दिसलं किंवा गार लागलं तर सकाळची वाट बघू नका, आत्ता निघा.

पंचवटीची_पोर (रविवार, रात्री ९:०६)

रंग ठीक आहे, गरम आहे. सकाळी जातोय. आई विचारतेय, कापलेलं जोडवं परत जोडून मिळतं का?

आजीचा_बटवा (रविवार, रात्री ९:१५)

मिळतं गं. सराफ बाजारात देऊन टाक. पण घालायचं नाही म्हणावं, डबीत ठेवायचं.